मोडलेल्या धनुष्याची गोष्ट

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिका समितीने मागितला म्हणून लिहून काढला. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



दर महिन्याला इथे कोणी ना कोणी बोलतं. मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, फोनवरून होणारी फसवणूक झाली. मी बँकेतला माणूस, तेव्हा मुदत ठेवींवर बोलेन असा सगळ्यांचा अंदाज होता. पण व्याजाचे दर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी आज हा लाकडाचा तुकडा घेऊन आलो आहे. पुढच्या रांगेतून हातोहात मागे जाऊ द्या. जपून धरा, मोडलेल्या टोकाला कुसळं आहेत. हा एका धनुष्याचा अर्धा भाग आहे. ते करायला आम्हाला सहा आठवडे लागले आणि मोडायला मला एक सेकंद पुरला.

बँकवाला आणि धनुष्य, हे कसं काय? तर थोडं मागे जावं लागेल. ऐंशीच्या दशकात माझी बदली सातपुड्यात धडगावला झाली होती. तीन वर्षं होतो. बाजाराच्या दिवशी डोंगरातून भिल्ल-पावरा मंडळी शाखेत यायची. कित्येकांच्या खांद्याला तिरकामठा असायचा. दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवायचे आणि आत अंगठा द्यायला यायचे. त्यांचं धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. मी तीन वर्षं रोज ते पाहिलं. पण हे कसं करता, असं एकाही माणसाला कधी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष कर्जवसुलीच्या तक्त्यात. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी मी धनुष्य करायला शिकलो ते अमेरिकेत, कॅन्सस राज्यात, एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. घरापाशी होतं तेव्हा विचारलं नाही, याची लाज वाटते म्हणून आधीच सांगून टाकतो.

झालं असं की मुलीचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी गेलो. ही बाळंतपणाला आणि मी हिच्याबरोबर. तिथे पुरुष माणसाला काय काम? सकाळी फिरून यायचं, पेपर वाचायचा आणि थोरल्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं. नातू तेरा वर्षांचा. माझ्याशी बोलणं म्हणजे ‘हाय आजोबा’ आणि ‘बाय आजोबा’. मधे काही नाही.

शेजारी एक गृहस्थ राहायचे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं नाव सांगत नाही, छापील कागदावर आपलं नाव आलेलं त्यांना आवडायचं नाही. त्यांच्या गॅरेजचं दार दिवसभर उघडं असे आणि आतून खर्र खर्र आवाज येई. एक दिवस नातवाला घेऊन डोकावलो. आढ्याला पिवळ्याजर्द लाकडाच्या उभ्या चिरलेल्या फाळी टांगलेल्या होत्या. मी विचारलं, “हे कसलं लाकूड?” त्यांनी एक फाळ खाली काढली, नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, “यात एक धनुष्य आहे. बाहेर काढायचंय का?”

त्या झाडाचं नाव ओसेज ऑरेंज. संत्र्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या फणसाच्या आणि तुतीच्या कुळातलं झाड आहे. फणसासारखाच पांढरा चीक, लाकूडही तसंच पिवळं. ओसेज नावाचे तिथले मूळ रहिवासी याची धनुष्यं करत. फ्रेंच लोकांनी ते पाहून झाडाला ‘ब्वा दार्क’, म्हणजे धनुष्याचं लाकूड, असं नाव दिलं. त्याचा अपभ्रंश होऊन तिथले शेतकरी आजही ‘बोडार्क’ म्हणतात. काटेरी तार निघाली नव्हती तेव्हा त्या भागात शेतांना याच काटेरी झाडाचं कुंपण घालत. आपण शेर-निवडुंग लावायचो तसं.

आता धनुष्य कसं करतात ते सांगतो. लाकूड करवतीने कापायचं नाही. ओंडका पाचरा मारून चिरायचा, म्हणजे तो आपल्या रेषेने फाटतो आणि आतले तंतू तुटत नाहीत. फाळींच्या दोन्ही टोकांना सरस किंवा रंग फासून ठेवायचा, नाहीतर टोकं लवकर वाळतात आणि तडकतात. मग वर्ष, दोन वर्षं सावलीत वाळू द्यायचं. आमच्या वाट्याला आलेली फाळ चार वर्षं आढ्याला होती.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. नेम धरल्यावर समोर जाते ती पाठ आणि आपल्याकडे येतं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दबलं जातं. पाठीवरचा एक जरी तंतू मधेच कापला गेला तर तिथून कुसळ उठतं आणि धनुष्य जातं. म्हणून पाठ करताना झाडाच्या एका वर्षाचं वलय धरायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच वलयावर राहायचं. आधी साल आणि सालीखालचं पांढरं लाकूड उतरवायचं. हत्यार म्हणजे दोन्ही टोकांना मुठी असलेला लांब सुरा, तो आपल्याकडे ओढत चालवायचा. वसंतात वाढलेलं लाकूड सच्छिद्र असतं, त्यावर सुरा करकरतो. उन्हाळ्यातलं लाकूड घट्ट, त्यावर सुरा गुळगुळीत सरकतो. करकर थांबली की हात थांबवायचा. नातवाचे कान माझ्यापेक्षा तिखट. “आजोबा, स्टॉप!” असं तो ओरडायचा आणि मी थांबायचो. या एका कामाला आठ संध्याकाळी गेल्या. पण त्या आठ संध्याकाळींत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या आठ वर्षांत बोललो नव्हतो.

मग त्यावर पेन्सिलीने आकृती काढली. लांबी साठ इंच, मधे चार इंचांची मूठ, मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन भुजा. भुजा मुठीजवळ दीड इंच रुंद आणि टोकाला अर्धा इंच. बाजूचं लाकूड उतरवलं, पोटाकडून जाडी कमी करत आणली. टोक जमिनीवर टेकवून मूठ दाबली तेव्हा पहिल्यांदा भुजा किंचित लवली. नातवाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

इथपर्यंत सुतारकाम झालं. खरं काम यानंतर सुरू होतं. दोन्ही भुजा सारख्या आणि सगळीकडून वाकायला शिकवायच्या. भिंतीवर एक उभी फळी, फळीच्या डोक्यावर धनुष्याची मूठ बसवायची. टोकांना दोरी बांधायची. दोरीला आकडा, आकड्याला दुसरा दोर, तो खाली कप्पीतून घेऊन पार समोरच्या भिंतीपाशी आणायचा. तिथे उभं राहून ओढायचं आणि धनुष्य कसं वाकतं ते पाहायचं. मधे स्प्रिंगचा काटा लावलेला, फळीवर इंचाच्या खुणा.

नातवाच्या ताकदीचं धनुष्य तीस पौंडांचं, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोचं करायचं ठरलं होतं. नियम असा की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काटा तीसच्या वर न्यायचा नाही. सुरुवातीला तीस पौंड ओढले तर धनुष्य पाच-सहा इंच येतं. मग पोटावरून थोडं खरवडायचं. पाठीला मात्र कधीच हात लावायचा नाही. खरवडलं की तीस वेळा हळूहळू ओढून सोडायचं, कारण लाकडाला झालेला बदल लगेच कळत नाही. मग पुन्हा पाहायचं. आता तीस पौंडांना आठ इंच येतं. पुन्हा खरवडा. दहा, बारा, पंधरा. वजन तेच, अंतर वाढत जातं. तीस पौंडांना चोवीस इंच आलं की धनुष्य तयार. तेरा वर्षांच्या मुलाचा हात तेवढाच मागे जातो.

आता मुख्य मुद्दा. भुजा सगळीकडे सारखी वाकत नाही. कुठे ताठ राहते, कुठे जास्त वाकते. एखाद्या ठिकाणी तर कोपरात मुडपल्यासारखी दिसते. आमचे गुरुजी समोरच्या भिंतीला पाठ लावून, डोळे बारीक करून पाहायचे आणि जिथे जास्त वाकतंय तिथे लाल खडूने खूण करायचे. माझा समज असा की खूण केली म्हणजे तिथे काम करायचं. मी पटकन कानस घेऊन पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “लाल खुणेला हात लावायचा नाही. ती जागा आधीच सगळ्यांचं काम करते आहे. जे वाकत नाहीत त्यांचं काढा.” म्हणजे दुखतं एकीकडे आणि उपाय करायचा दुसरीकडे. ताठ भागातलं लाकूड कमी केलं की तो भाग वाकू लागतो आणि लाल खुणेवरचा भार आपोआप उतरतो.

सहाव्या आठवड्यात आम्ही एकोणीस इंचांवर होतो. खालच्या भुजेवर, मुठीपासून वीतभर अंतरावर, लाल खूण होती. गुरुजींना दोन दिवस परगावी डॉक्टरकडे जायचं होतं. किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, “ताठ भाग खरवडत राहा. पण मी येईपर्यंत एकोणीसच्या पुढे ओढू नका.”

शनिवारी नातवाचे मित्र येणार होते. त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की माझं धनुष्य झालंय. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा तो चेहरा पाहिला आणि मी ठरवलं, आज चोवीस करून टाकू. वयाची एकोणसत्तर वर्षं, बँकेतली छत्तीस, हजारो कागद तपासून सही केलेला माणूस मी. आणि मी विचार काय केला? ताठ भाग खरवडत बसायला चार तास लागतील. त्यापेक्षा थोडं जास्त ओढलं तर जे वाकतंय ते आणखी वाकेल आणि काम होऊन जाईल. नातू म्हणाला, “आजोबा, त्यांनी नको सांगितलंय.” मी म्हटलं, “अरे, दोन-तीन इंचांनी काय होतंय?”

वीस आलं. एकवीस आलं. काटा तीसच्या पुढे गेला होता, मी तिकडे पाहिलं नाही. बावीसला बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. एक तुकडा माझ्या डोक्याच्या बराच वरून जाऊन मागच्या कपाटावर आदळला. कप्पी लावून लांबून का ओढायचं ते तेव्हा कळलं. जवळ असतो तर आज तुमच्यापुढे उभा नसतो.

रामाने धनुष्य मोडलं तर त्याला सीता मिळाली. मी मोडलं तर नातू तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याने दोन्ही तुकडे उचलले, फळीखाली नीट ठेवले आणि घरी गेला. रडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. शनिवारी मित्र आले तेव्हा तो त्यांच्याशी खोलीत व्हिडिओ गेम खेळत बसला.

गुरुजी आले. मी गुन्हेगारासारखा उभा. त्यांनी तुकडे जोडून पाहिले, डोळ्यावरचा चष्मा वर केला आणि लाल खुणेच्या जागी पोटावर बोट फिरवलं. तिथे आडव्या बारीक सुरकुत्या होत्या, केसासारख्या. दबून दबून लाकूड तिथे चुरडलं होतं. म्हणाले, “याने तुम्हाला आधी सांगितलं होतं. तुम्ही दुसरीकडे पाहत होता.” बस, एवढंच. रागावले नाहीत. कोपऱ्यातल्या लोखंडी पिंपाकडे मला घेऊन गेले. त्यात मोडकी धनुष्यं उभी करून ठेवली होती, चाळीसेक तरी असतील, प्रत्येकावर तारीख. म्हणाले, “ही सगळी माझी.” नंतर नातवाला बोलावून त्यांनी एका पुस्तकातलं चित्र दाखवलं. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचं शव सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य होतं, सहा फूट लांब, अर्धवट राहिलेलं. हत्याराच्या खुणा अजून तशाच आहेत. भात्यात चौदा बाण, त्यातले पुरे झालेले फक्त दोन. “हे काम अर्धवट राहणं फार जुनं आहे,” असं गुरुजी त्याला म्हणाले. त्यांच्याकडच्या कारागिरांत एक म्हण आहे: पूर्ण ओढलेलं धनुष्य दहापैकी नऊ हिस्से मोडलेलंच असतं. नातवाने एका तुकड्यावर स्वतः तारीख घातली आणि पिंपात ठेवला. दुसरा मी मागून घेतला. तोच आता तुमच्या हातात फिरतोय. तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, उजेडाने असा तपकिरी झाला.

त्या रात्री मला झोप येईना. पाणी प्यायला खाली आलो. साडेदहा वाजले असतील. स्वयंपाकघरात दिवा होता. ही बेसिनपाशी उभी राहून भांडी विसळत होती. एक हात ओट्यावर, दुसरा कमरेवर, आणि थोडी उजवीकडे कललेली. सकाळी पाचपासून तिचं सुरू व्हायचं. बाळाला तेल लावणं, आंघोळ, शेक-शेगडी, मुलीचं पथ्याचं, जावयाचा डबा, माझा दोन वेळचा चहा, रात्री बाळ रडलं की पुन्हा तीच. मी रोज संध्याकाळी गॅरेजमधून हात झटकत येऊन ताटावर बसायचो. सगळं पाहत होतो, पण धडगावला तिरकामठे पाहिले तसं.

मी तिथे दारात उभा राहिलो आणि मला ती लाल खूणच दिसली. तिथली नाही, चाळीस वर्षांची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा कोण वाकलं? माझ्या सात बदल्या झाल्या, दर वेळी मुलांच्या शाळा कोणी बदलल्या? घरात काही अडलं की आम्ही सगळे तिच्याकडे वळायचो, कारण तिला जमतं. जो वाकतो त्यालाच आणखी वाकवायचं, आणि वर म्हणायचं, किती सोसते बघा! बँकेतही मी तेच केलं. शाखेत एक प्रामाणिक क्लार्क असतो. वर्षअखेरीला सगळे हिशेब त्याच्याच टेबलावर. बाकीचे ताठ, त्यांना कोण सांगणार?

मी काही बोललो नाही. बोलून काय होणार होतं? बाजूला होऊन भांडी पुसायला घेतली. ती म्हणाली, “बरं वाटत नाहीये का?” म्हणजे बघा! मी कपडा हातात घेतला तर तिला माझी प्रकृती बिघडली असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी आणि सकाळचा चहा माझ्याकडे आला. जावयाचा डबा जावई भरू लागला. त्याला सांगायला मला दोन दिवस धीर होत नव्हता, पण सांगितल्यावर तो लगेच हो म्हणाला. तोही वाट पाहत होता की काय कोण जाणे. कधीकधी ताठ माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं.

गुरुजींनी आम्हाला दुसरी फाळ दिली, त्याच ओंडक्याची. आमचं परतीचं तिकीट सात आठवड्यांवर होतं. या वेळी दोर नातवाच्या हातात आणि कानस माझ्या. तो लांबून पाहायचा, खूण करायचा आणि मला दटावायचा, “तिथे नाही, आजोबा!” निघायच्या चार दिवस आधी काटा तीसवर आणि दोरी चोवीसवर आली. दोन्ही भुजांचा बाक चंद्रकोरीसारखा, कुठे कोपर नाही. दोरी चढवली की मूठ आणि दोरी यांत किती अंतर हवं? मूठ वळून अंगठा उभा धरायचा, तेवढं. ते मापही नातवाच्याच हाताने घेतलं. मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर त्याने पहिला बाण सोडला. तो गठ्ठ्याच्या वरून कुंपणात गेला. आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो. बाळाला घेऊन ही दारात उभी होती. तीही हसत होती.

ते धनुष्य अजून त्याच्याकडे आहे. आता तो कॉलेजात आहे, हाताने मागे खेचण्याच्या मानाने ते त्याला तोकडं पडतं, पण भिंतीवर आहे. फोनवर आता ‘हाय’ आणि ‘बाय’च्या मधेही बोलणं असतं.

मंडळी, आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. १९९९ साली इथे पाण्याचे टँकर येत होते, आज सौर दिवे आहेत. हे कोणी केलं ते आपल्याला ठाऊक आहे. दर वार्षिक सभेत तीच चार-पाच माणसं. पंप बिघडला की त्यांना फोन, लिफ्ट अडकली की त्यांना फोन, गणपतीची वर्गणी त्यांनीच गोळा करायची आणि हिशेबात शंका काढायला आपण सगळे. आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही करतो. सत्कार जरूर करा. पण मला वाटतं, लाल खूण त्यांच्यावर आहे आणि कानस आपल्यावर चालायला हवी. मी माझ्यापुरतं सांगतो: या महिन्यापासून पाण्याच्या टाक्या साफ करून घेण्याचं काम माझ्याकडे द्या. सचिवांनी लिहून घ्यावं.

ही दुसऱ्या रांगेत बसली आहे. काल भाषण वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, “सगळं ठीक आहे हो. पण हे कळायला तुम्हाला अमेरिकेपर्यंत जावं लागलं?” याला माझ्याकडे उत्तर नाही.

गुरुजींनी निघताना एक शेवटची गोष्ट सांगितली होती. धनुष्याचं काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर लाकडाला तोच बाक कायमचा बसतो. वीस मिनिटांची वेळ दिली होती, पंचवीस झाली. तेव्हा मीही दोरी उतरवतो. तो तुकडा मात्र परत द्या.